चंडीगड पाहावे दोन दिवसांत, पण पायी

टोकियोच्या उएनो उद्यानात पाश्चात्त्य कलेचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तेथून हजारो किलोमीटर दूर, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी पंजाब व हरियाणा यांची सामाईक विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालय उभे आहे. १७ जुलै २०१६ रोजी युनेस्कोने या दोन्ही स्थळांचा जागतिक वारशाच्या यादीत एकाच वेळी समावेश केला. ल कॉर्ब्युझिए या स्विस-फ्रेंच वास्तुविशारदाच्या सात देशांतील एकूण १७ कलाकृती त्या दिवशी एकाच नोंदीत आल्या. भारतातून त्यात आहे ते फक्त चंडीगडचे कॅपिटॉल संकुल. यापूर्वी २००९ आणि २०११ मध्ये हा संयुक्त प्रस्ताव मान्य झाला नव्हता.

महाराष्ट्रातून उत्तरेकडे जाणारा पर्यटक बहुधा सिमला किंवा मनालीच्या वाटेवर चंडीगडला एक रात्र थांबतो. सकाळी तो रॉक गार्डन पाहतो, तलावाकाठी छायाचित्रे काढतो आणि ‘स्वच्छ, सुंदर, पण पाहण्यासारखे फारसे नाही’ असे मत घेऊन पुढे निघतो. हे मत सर्वस्वी त्याच्या अरसिकतेमुळे बनलेले नसते. चंडीगड हे शहर मोटारीतून दिसतच नाही. रुंद रस्ते, वाहतुकीची वर्तुळे, झाडांच्या रांगा आणि झाडांमागे भिंती एवढेच खिडकीतून दिसते. रचनाकारांची योजनाच तशी होती. ती समजून घेतली तर शनिवार-रविवारचे दोन दिवस या शहरासाठी पुरेसे ठरतात.

लाहोर गेले, म्हणून

१९४७ च्या फाळणीत पंजाबची राजधानी लाहोर पाकिस्तानात गेली. भारतातील पंजाबला राजधानी उरली नाही आणि लाखो निर्वासितांचे पुनर्वसन करावयाचे होते. सिमल्याहून कारभार चालवणे गैरसोयीचे होते. अखेरीस शिवालिकच्या पायथ्याची जागा निवडण्यात आली आणि जवळच्या चंडीदेवीच्या मंदिरावरून तिला नाव मिळाले. ते मंदिर आज हरियाणातील पंचकुला जिल्ह्यात आहे.

पहिला आराखडा अमेरिकेचे अल्बर्ट मेयर आणि त्यांचे पोलिश सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी केला. ऑगस्ट १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात मरण पावले आणि मेयर या कामातून बाजूला झाले. त्यानंतर मुख्य अभियंता पी. एल. वर्मा आणि प्रशासक पी. एन. थापर हे दोन अधिकारी वास्तुविशारदाच्या शोधात युरोपला गेले. लंडनचे मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे दांपत्य, पॅरिसचे ल कॉर्ब्युझिए आणि त्यांचे चुलतभाऊ पिएर झानरे अशा चौघांची त्यांनी निवड केली. फेब्रुवारी १९५१ मध्ये ल कॉर्ब्युझिए प्रथम भारतात आले. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते शहराचे उद्घाटन झाले. पंडित नेहरूंना जुन्या परंपरांच्या ओझ्यातून मोकळे असे नव्या राष्ट्राचे शहर हवे होते, आणि त्यांचा पाठिंबा शेवटपर्यंत टिकला.

या कामात भारतीयांचा वाटा मोठा होता, परंतु तो अनेकदा विसरला जातो. पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले बाळकृष्ण दोशी पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी ल कॉर्ब्युझिए यांच्या पॅरिसमधील कार्यालयात काम करीत होते. २०१८ मध्ये त्यांना वास्तुकलेचे प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले. आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा, शिवदत्त शर्मा आणि ज्यांचे शालेय शिक्षण जपानमधील कोबे शहरात झाले त्या उर्मिला यूली चौधरी यांनी प्रत्यक्ष जागेवर राहून शहर उभे केले.

दिल्लीहून रेल्वेने येथे यावयास साधारण साडेतीन तास लागतात. मराठी प्रवाशासाठी या मार्गाला वेगळा अर्थ आहे. वाटेत पानिपत लागते.

सेक्टर म्हणजे काय?

वाशी-नेरूळच्या रहिवाशांना ‘सेक्टर’ हा शब्द नवा नाही. चंडीगडमध्ये मात्र त्याला नेमके माप आहे. एक सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब असतो. शाळा, बाजार, दवाखाना आणि बाग त्याच्या आतच असावी आणि मुलाला शाळेत जाण्यासाठी मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, अशी ही कल्पना होती. प्रत्येक सेक्टरचे ए, बी, सी, डी असे चार भाग आहेत. घराचा पत्ता म्हणजे घर क्रमांक आणि सेक्टर. त्यात रस्त्याचे नाव येत नाही.

रस्त्यांच्या सात श्रेणी ठरवण्यात आल्या. सर्वांत मोठे महामार्ग म्हणजे व्ही-१, तर बागांमधून जाणारी पायवाट व्ही-७. सायकलींसाठी व्ही-८ ही आठवी श्रेणी मागाहून आली. सेक्टरला बाहेरून वेढणारे रस्ते व्ही-३ श्रेणीचे असून त्यांच्यावर घरांची दारे उघडत नाहीत. घरे पाठ करून उभी असतात. पर्यटकाला टॅक्सीतून दिसतात त्या या पाठीच. शहराचे तोंड आतल्या बाजूला, व्ही-४ या वळणदार बाजाररस्त्यावर आणि हिरव्या पट्ट्यांतील पायवाटांवर आहे. म्हणून टॅक्सीने सेक्टरच्या कडेपर्यंत जावे आणि आत पायी फिरावे, हा चंडीगड पाहण्याचा पहिला नियम होय.

क्रमांकांची गंमतही लक्षात ठेवण्याजोगी आहे. शेतात नांगर एका टोकाला जाऊन उलटा फिरतो, तसे सेक्टरचे क्रमांक एका ओळीत पूर्वेकडे आणि पुढच्या ओळीत पश्चिमेकडे वाढत जातात. त्यामुळे जुन्या भागात वर-खाली शेजारी असलेल्या सेक्टरांची बेरीज तेराच्या पटीत येते. ४ आणि ९ यांची बेरीज १३, ९ आणि १७ यांची २६, तर १७ आणि २२ यांची ३९. मात्र १३ क्रमांकाचा सेक्टरच मूळ आराखड्यात नव्हता. २०२० मध्ये मनीमाजरा या जुन्या गावाला हा क्रमांक देऊन ती उणीव भरून काढण्यात आली.

शनिवार : डोके आणि हृदय

ल कॉर्ब्युझिए यांनी शहराला मानवी शरीराची उपमा दिली होती. कॅपिटॉल संकुल हे डोके, सेक्टर १७ मधील बाजार हे हृदय, तर बागांचा लांब पट्टा ही फुप्फुसे. शनिवारची सकाळ डोक्यासाठी राखून ठेवावी.

सेक्टर १ मधील कॅपिटॉल संकुलात मनास येईल तेव्हा शिरता येत नाही. दोन राज्यांची सरकारे आणि उच्च न्यायालय तेथे चालत असल्याने बंदोबस्त कडक असतो. चंडीगड पर्यटन विभागाच्या माहिती केंद्रात ओळखपत्र दाखवून नाव नोंदवावे लागते आणि मार्गदर्शकासोबतच फेरी करता येते. फेऱ्यांच्या वेळा आणि इमारतींच्या आत प्रवेश आहे किंवा नाही, हे आदल्या दिवशी विचारून घेणे श्रेयस्कर. ओळखपत्र विसरलेला पर्यटक फाटकावरून परत येतो, आणि मग रॉक गार्डनखेरीज चंडीगडात काही नाही असे सांगत राहतो.

आत गेल्यावर प्रथम जाणवते ते अंतर. सुमारे अडीचशे मीटर लांबीचे सचिवालय एका बाजूस, त्याच्याशेजारी विधानसभा आणि मैदानाच्या पलीकडे उच्च न्यायालय. मधली काँक्रीटची विस्तीर्ण फरसबंदी उन्हात तापते, आणि तिच्यावर माणसे मुंग्यांसारखी दिसतात. हे मैदान लोकांनी भरून जावे अशी कल्पना होती. प्रत्यक्षात सुरक्षेच्या कारणांमुळे ते बहुतांशी रिकामे असते. वास्तू कितीही भव्य असल्या तरी ही रिकामी जागा पाहताना मनात थोडी खंत राहते.

उच्च न्यायालयाचे तीन रंगीत खांब आणि त्यावरचे दुहेरी छप्पर पाहावे. वरच्या छपराने ऊन-पाऊस झेलावा आणि दोन्हींमधून वारा वाहावा, अशी ती रचना आहे. सचिवालयाच्या दर्शनी भागावरील खोल कप्पे केवळ शोभेसाठी नाहीत. ते ऊन खिडकीच्या आत शिरू देत नाहीत. उन्हाळ्यात येथे पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि या इमारती आखल्या गेल्या तेव्हा कार्यालयांत वातानुकूलन गृहीत धरलेले नव्हते. जवळच असलेला ‘छायेचा मनोरा’ हा उन्हाची दिशा अभ्यासण्यासाठी उभारलेला जणू प्रयोगच आहे. तेथे पाच मिनिटे उभे राहिल्यास सचिवालयाची रचना आपोआप उलगडते.

‘उघडा हात’ हे शहराचे बोधचिन्ह याच संकुलात आहे. सुमारे २६ मीटर उंच आणि ५० टन वजनाचा हा धातूचा हात वाऱ्याबरोबर फिरतो. देण्यासाठी आणि घेण्यासाठी उघडा असलेला हात असा त्याचा अर्थ सांगतात. ल कॉर्ब्युझिए १९६५ मध्ये निवर्तले. हा हात उभा राहिला १९८५ मध्ये. आराखड्यात राज्यपालांचा प्रासादही होता, परंतु लोकशाहीत तो शोभणार नाही असे नेहरूंचे मत पडले आणि तो कागदावरच राहिला.

तेथून सेक्टर १७ साधारण चार किलोमीटरवर आहे. हा पायी फिरावयाचा बाजारचौक एके काळी शहराचा केंद्रबिंदू होता. २०१३ मध्ये औद्योगिक भागात मोठे मॉल सुरू झाल्यानंतर तेथील गर्दी ओसरली. तरीही संध्याकाळी कारंज्याभोवती कुटुंबे बसलेली असतात. आदित्य प्रकाश यांनी आखलेले नीलम चित्रपटगृह याच चौकात आहे. रस्ता ओलांडून सेक्टर २२ मध्ये गेले की खरे चंडीगड भेटते. सर्वांत आधी वसलेल्या सेक्टरांपैकी हा एक. फ्राय, ड्रू आणि झानरे यांनी येथे सरकारी कर्मचाऱ्यांसाठी विटांची घरे बांधली. मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत घरांचे तेरा प्रकार ठरले होते. शिपायाच्या घरालाही अंगण, पाणी आणि शौचालय मिळाले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पंजाबी खाण्याचा आस्वाद घ्यावयाचा असेल तर याच बाजारांत छोले-भटुरे, कुलचे आणि लस्सी मिळते.

टोकियोची सख्खी बहीण

रविवारी सकाळी सेक्टर १० मधील शासकीय वस्तुसंग्रहालय व कलादालन गाठावे. येथे जपानचा धागा पुन्हा हाती येतो. सतत वाढत जाणारे संग्रहालय, ही ल कॉर्ब्युझिए यांची जुनी कल्पना होती. मध्यभागी सुरुवात, उतरत्या-चढत्या मार्गाने वरच्या मजल्यावर प्रवेश आणि चौकोनी वेटोळ्याने बाहेर सरकत जाणारी दालने. संग्रह वाढला की आणखी एक वेटोळे जोडावयाचे. ही कल्पना जगात तीनच ठिकाणी प्रत्यक्षात आली. अहमदाबादचे संस्कार केंद्र, टोकियोचे राष्ट्रीय संग्रहालय आणि चंडीगडचे हे संग्रहालय. टोकियोच्या जागेची पाहणी करण्यासाठी ल कॉर्ब्युझिए नोव्हेंबर १९५५ मध्ये जपानला गेले होते. मायेकावा, साकाकुरा आणि योशिझाका या त्यांच्या तीन जपानी शिष्यांनी ती इमारत १९५९ मध्ये पूर्ण केली. चंडीगडच्या संग्रहालयाचे उद्घाटन ६ मे १९६८ रोजी झाले. तिन्ही इमारतींपैकी एकीलाही पुढचे वेटोळे आजवर जोडले गेलेले नाही.

या दोन बहिणींचे साम्य केवळ भिंतींपुरते नाही. टोकियोचे संग्रहालय उभे राहिले ते कोजिरो मात्सुकाता या उद्योगपतीच्या चित्रसंग्रहासाठी. दुसऱ्या महायुद्धात हा संग्रह फ्रान्सच्या ताब्यात गेला होता. तो परत देताना स्वतंत्र संग्रहालय उभारण्याची अट फ्रान्सने घातली. चंडीगडचे संग्रहालय उभे राहिले ते लाहोरच्या संग्रहालयाच्या तुटलेल्या हिश्श्यासाठी. एप्रिल १९४८ मध्ये लाहोर संग्रहालयातील वस्तूंची वाटणी झाली. साधारण ६० टक्के वस्तू पाकिस्तानात राहिल्या, तर ४० टक्के भारताला मिळाल्या. अमृतसर, सिमला, पतियाळा असा प्रवास करून त्या येथे पोहोचल्या. गांधार शैलीतील बुद्धाच्या मूर्ती, ग्रीक वळणाची वस्त्रे ल्यालेले बोधिसत्त्व आणि जातककथांचे शिल्पपट पाहताना आपण वाटणीतील हिस्सा पाहत आहोत, याचे भान ठेवावे. उरलेला हिस्सा आजही लाहोरात आहे. पहाडी लघुचित्रांचे दालनही चुकवू नये. बसोहली, गुलेर, कांगडा शैलींची ही चित्रे मिळवण्यात डॉ. एम. एस. रंधावा या सनदी अधिकाऱ्याचा मोठा हात होता. शहरातील रस्त्यांवर बहावा, नीलमोहर असे ठरावीक वृक्ष लावण्याच्या योजनेमागेही तेच होते.

संग्रहालयाच्या आवारातच चंडीगड वास्तुकला संग्रहालय आहे, आणि तेथील नकाशे व प्रतिकृती तासाभरात पाहून होतात. वेळ अपुरा असल्यास ते वगळून सेक्टर ५ मधील ५७ क्रमांकाच्या घरी जावे. पिएर झानरे १९५४ ते १९६५ या काळात या घरात राहत होते. ल कॉर्ब्युझिए वर्षातून दोनदा येत आणि जात. झानरे येथेच राहिले, सायकलवर फिरले, स्थानिक सुतारांकडून सागवानी खुर्च्या करवून घेतल्या. २०१७ पासून हे घर संग्रहालय म्हणून खुले आहे. त्या खुर्च्यांची कथा मोठी विचित्र आहे. सरकारी कार्यालयांनी मोडीत काढून मातीमोल भावाने विकलेल्या या खुर्च्या पुढे युरोप-अमेरिकेतील लिलावांत लाखो रुपयांना गेल्या. शहराचा नकाशा कोरलेली गटारांची बिडाची झाकणेदेखील परदेशी लिलावात पोहोचली. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा वस्तूंच्या विक्रीस प्रतिबंध केला, तोपर्यंत बरेच काही निघून गेले होते.

नकाशाबाहेरचे

रॉक गार्डन पाहूच नये असे या लेखाचे म्हणणे नाही. मात्र ते शेवटी पाहावे. नकाशा डोळ्यांखालून गेल्यावर त्याचा अर्थ बदलतो.

नवे शहर बसवण्यासाठी या प्रदेशातील अनेक गावे उठवण्यात आली. त्या गावांच्या ढिगाऱ्यांतून फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशा आणि मडकी गोळा करणारा एक माणूस होता. नेकचंद सैनी हे सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ता निरीक्षक. मूळचे आज पाकिस्तानात असलेल्या शकरगढ भागातील, म्हणजे स्वतःही निर्वासितच. तलावाजवळच्या राखीव जंगलात, जेथे काहीही बांधण्यास मनाई होती, तेथे १९५७ पासून ते कामाच्या वेळेनंतर गुपचूप मूर्ती घडवीत राहिले. सत्तरीच्या दशकात हे काम उघडकीस आले. नियमानुसार ते पाडावयास हवे होते. प्रशासनाने तसे न करता नेकचंद यांना पगार, पद आणि कामगार दिले आणि १९७६ मध्ये बाग जनतेसाठी खुली झाली. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९० च्या सुमारास बागेतून रस्ता काढण्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा नागरिकांनी मानवी साखळी करून ते परतवले. नेकचंद २०१५ मध्ये निवर्तले. २०२५ च्या आरंभी उच्च न्यायालयाजवळील रस्ता व वाहनतळाच्या कामासाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला आणि नागरिक पुन्हा रस्त्यावर उतरले. अरुंद दरवाजांतून वाकून आत शिरताना हा इतिहास ठाऊक असलेला बरा.

ज्यांना उठवले नाही अशी काही गावे आराखड्याच्या चौकटीतच अडकून राहिली. सेक्टर ४५ मधील बुडैल हे त्यांपैकी एक. रुंद व्ही-३ रस्त्यावरून आत वळताच गल्ली हाताएवढी होते, डोक्यावर विजेच्या तारांचे जाळे आणि एकावर एक चढलेले मजले. शहराची घरकामे, दुकाने व कारखाने ज्यांच्या श्रमांवर चालतात अशी बरीच माणसे येथे भाड्याने राहतात. पहिल्या टप्प्यातील सेक्टर दीड लाख लोकांसाठी आणि दोन्ही टप्पे मिळून पाच लाखांसाठी आखले होते. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १० लाख ५५ हजारांवर गेली होती. मोठी घरे मजल्यांनुसार विकून सदनिका करण्याची वाट लोकांनी शोधली. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या टप्प्यातील सेक्टरांत हा प्रकार थांबवला. वारसा टिकवायचा तर मग वाढलेल्या माणसांनी राहायचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर निकालानंतरही शहराला शोधावयाचे आहे.

सुखना तलावासाठी रविवारची संध्याकाळ उत्तम. १९५८ मध्ये सुखना या ओढ्यावर बांध घालून सुमारे तीन चौरस किलोमीटरचा हा जलाशय तयार करण्यात आला. बांधावर वाहने येऊ नयेत आणि पाण्यात यांत्रिक नौका चालू नयेत, असा ल कॉर्ब्युझिए यांचा आग्रह होता. तलावावर त्यामुळे आजही गप्पांचा आणि पाखरांचाच आवाज अधिक असतो. टेकड्यांवरून येणारा गाळ ही तलावाची जुनी व्याधी. मार्च २०२० मध्ये उच्च न्यायालयाने सुखनाला ‘सजीव व्यक्ती’चा दर्जा दिला. झानरे यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा याच पाण्यात विसर्जित करण्यात आली आहे.

प्रवासासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च हा काळ योग्य. फेब्रुवारीच्या सुमारास सेक्टर १६ मधील झाकिर हुसेन गुलाब उद्यानात गुलाबांचा उत्सव भरतो. डिसेंबर-जानेवारीत दाट धुक्यामुळे गाड्या व विमाने रखडतात, तेव्हा परतीचे आरक्षण हात राखून करावे. संग्रहालये सोमवारी बंद असतात. रेल्वेस्थानक सेक्टर १७ पासून सुमारे आठ किलोमीटरवर, पंचकुल्याच्या दिशेने आहे. गाडीला वेळ असेल तर सेक्टर ३१ मध्ये २०१४ साली खुले झालेले जपानी उद्यान वाटेत पाहता येते. लाल कमानी, दगडी दिवे आणि छोटे पूल तेथे आहेत. परंतु ज्याला चंडीगडातला जपान खरोखर पाहावयाचा आहे, त्याने तो तास सेक्टर १० मधील संग्रहालयाच्या त्या चढत्या मार्गावर घालवावा.